जुन्या आउटबोर्ड मोटरीची दुरुस्ती : एक इतिहासवाचन

यंत्रांचे इतिहास बहुधा शोधाच्या क्षणाशी सुरू होतात आणि पुष्कळदा तिथेच संपतात. वाफेच्या इंजिनाला किटलीचे झाकण, गुरुत्वाकर्षणाला सफरचंद. तसे होडीच्या आउटबोर्ड मोटरीला वितळलेले आइस्क्रीम. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत १८७७ साली जन्मलेला आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आलेला कारागीर. मिलवॉकी शहरात ओतकामासाठी लाकडी नमुने करून देण्याचा त्याचा व्यवसाय होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील एका उन्हाळ्यात ओकॉची तळ्याकाठी मंडळी सहलीला गेली असता बेस कॅरीला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारीत तळ्यापलीकडे गेला आणि परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले. त्या घामाघूम वल्हवण्यातून होडीमागे इंजिन टांगण्याची कल्पना निघाली, असे ही कथा सांगते. बेस पुढे त्याची पत्नी झाली.

कथा गोड आहे आणि ती सर्वस्वी खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र तिच्यामुळे 'जनक' ठरलेल्या एव्हिनरूडच्या आधी दोन माणसे उभी आहेत. गुस्ताव त्रूव्हे या फ्रेंच यंत्रज्ञाने १८८१ साली पॅरिसमध्ये सेन नदीवर विजेवर चालणारी, होडीवरून उचलून काढता येणारी मोटर चालवून दाखवली होती. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने १९०५ मध्ये पेट्रोलवर चालणारी मोटर केली, १९०७ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि ती विकलीही. 'आउटबोर्ड मोटर' हे नावही त्यानेच रूढ केले असे मानतात. एव्हिनरूडची मोटर बाजारात आली १९०९ साली, पेटंट मिळाले १९११ साली. म्हणजे क्रमाने पाहिले तर तो तिसरा. तरीही लोकस्मृतीत उरला तोच, कारण आइस्क्रीम त्याच्या वाट्याला आले होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. आद्य कोण, पहिली कादंबरी कोणती, पहिली कविता कोणाची, या वादांत आपण पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांला इथे वेगळ्या टोकाने सुरुवात करावीशी वाटते. शोधाच्या बाजूने न वाचता दुरुस्तीच्या बाजूने वाचला तर या यंत्राचा इतिहास कसा दिसेल? साठसत्तर वर्षांपूर्वीची बंद पडलेली मोटर पुन्हा सुरू करणारा माणूस तिच्यात काय वाचतो?

आधी वस्तूची ओळख. होडीच्या पोटात बसवलेले इंजिन होडीचाच भाग होते. त्याच्यासाठी तळाला भोक पाडावे लागते, दांडा बसवावा लागतो, किंबहुना होडीच त्याच्याभोवती बांधावी लागते. आउटबोर्ड मोटर हे एकसंध पथक आहे. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, पाण्याखाली दंतचक्रांची पेटी आणि तिच्यापुढे किंवा मागे पंखा, म्हणजे प्रॉपेलर. हे सारे दोन पकडस्क्रूंनी होडीच्या मागच्या फळीला आवळले की झाले. दिशा द्यायची तर सगळी मोटरच वळवायची. सिलिंडर आडवा, त्याचा दांडा उभा आणि डोक्यावर फिरणारे जड चाक, ही एव्हिनरूडची मांडणी पुढे जवळजवळ सर्वमान्य झाली. त्याची पहिली विक्रीची मोटर दीड अश्वशक्तीची होती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. ती सुरू करायला वरच्या चाकावरची मूठ धरून हाताने झटका द्यावा लागे. चाक उलटे फिरले की बोटे सोलून निघत.

काढघालीच्या या सोयीचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. मोटर खांद्यावर टाकून घरी आणता येते, लाकडी घोडीला टांगता येते, पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून चालवून पाहता येते. तिला गोदी लागत नाही. यंत्र वापरणारा आणि यंत्र उघडणारा ही माणसे वेगळी असलीच पाहिजेत, असे हे यंत्र मानत नाही.

या इतिहासात बेसचे स्थान आइस्क्रीमपुरते ठेवणे हा तर अन्यायच. धंद्याचा पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिराती ती पाहत असे. वल्ही मारणे सोडा, ती फेकूनच द्या, अशा आशयाची पहिली गाजलेली जाहिरात तिची. तिची प्रकृती ढासळल्यामुळे ओलेने आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि पाच वर्षे या धंद्यात न पडण्याचे कबूल केले. ती मुदत सरल्यावर १९२१ साली दोघांनी अॅल्युमिनियमची, दोन सिलिंडरांची हलकी मोटर आणली. तिचे 'एल्टो' हे आद्याक्षरी नावही बेसच्याच कल्पनेतले. लगोलग १९२२ मध्ये इंडियाना राज्यातल्या जॉन्सन बंधूंनी अवघ्या ३५ पौंडांची मोटर काढली. स्पर्धा, मंदी, विलीनीकरण असे वळसे घेत १९३६ पर्यंत एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे एकाच कंपनीत आली. बेस १९३३ साली आणि ओले १९३४ साली वारला. कंपनीचा हा भाग आम्ही भरभर उरकतो आहोत, कारण आमचे लक्ष त्यानंतरच्या वस्तूवर आहे. १९५० च्या दशकात या कंपनीने एव्हिनरूड आणि जॉन्सन अशा दोन नावांनी, दोन रंगांत, पण आतून जवळजवळ एकाच घडणीच्या मोटरी लाखोंनी विकल्या. आज 'जुनी मोटर' म्हणून छंदिष्टांच्या हाती येते ती बहुतेक वेळा यांतलीच एक.

तिचे वरचे झाकण काढले की प्रथम दिसते ते फ्लायव्हील, म्हणजे वरचे जड चाक. त्याचा नट सोडवल्यावरही चाक निघत नाही, कारण ते निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले असते. अधीर माणूस हातोडा उचलतो आणि दांडा वाकवून बसतो. खेचणी लावून संथपणे ते वर उचलले की खाली ठिणगीचे घर दिसते. या मोटरीला बॅटरी नाही. चाकात बसवलेले चुंबक कॉइलजवळून फिरतात, त्यातून वीज निर्माण होते आणि पॉइंट नावाची दोन टोके उघडण्याच्या क्षणी ती प्लगकडे उसळते. ही योजना म्हणजे मॅग्नेटो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मोटरीत पॉइंटांवर गंजाचा अदृश्य थर साचतो. तो बारीक कागदाने पुसायचा, नंतर कोरा जाड कागद मधून ओढून तेलकटपणा काढायचा आणि फीलर गेजची पट्टी घालून दोन टोकांतले अंतर २० हजारांश इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, जुळवायचे. एवढ्याने ठिणगी आली नाही तर दोष बहुधा कॉइलमध्ये. त्या दशकातल्या कॉइलींचे बाहेरचे वेष्टन काळाने तडकते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच गळते. अशी तडकलेली कॉइल हे त्या काळातल्या मोटरींचे जवळजवळ ओळखपत्र झाले आहे.

नवी कॉइल बसवताना एक गोष्ट लक्षात येते. कॉइलच्या लोखंडी टाचा चुंबकाच्या जितक्या जवळ तितके चांगले, पण टाच जराशी पुढे आली तर फिरते चाक तिला घासणार. हे अंतर चाक बसवल्यावर दिसत नाही, मोजताही येत नाही. म्हणून कारखान्यात बैठकीच्या ओतीव पत्र्यावरच लहान उंचवटे घासून ठेवलेले आहेत. टाचेची कड उंचवट्याच्या कडेशी बोटाने समतल करायची आणि स्क्रू आवळायचे. कारखान्यातल्या जोडणाऱ्याला हे उंचवटे उपयोगी होतेच, पण त्याच्याकडे मोजमापाची इतरही साधने असणार. घराच्या पडवीत एक पेचकस घेऊन बसलेल्या, कधीही न भेटणाऱ्या माणसाला मात्र या खुणेशिवाय दुसरा आधार नाही. जोडणाऱ्याची सोय त्याच्याही पदरात पडली आहे. ग्रंथाच्या समासातली जुनी टीप ज्याने वाचली आहे त्याला ही जवळीक कळेल.

कार्ब्युरेटरपाशी हे अधिक उघड होते. त्या काळातल्या पुष्कळ मोटरींच्या दर्शनी भागावरच दोन गुंड्या असतात, एक वेगवान चालीसाठी आणि एक मंद चालीसाठी. या गुंड्या आतल्या सुयांना जोडलेल्या असतात आणि सुई आतबाहेर केल्याने हवेत मिसळणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण बदलते. चाल लावण्याची, ज्याला ट्यूनिंग म्हणतात त्याची, रीत अशी : मोटर पाण्यात तापू द्यायची, पूर्ण वेगाने सोडायची आणि वेगाची सुई थोडीथोडी आत घ्यायची. पेट्रोल कमी पडू लागले की मोटर शिंकते. शिंक आली की सुई जराशी बाहेर घ्यायची, जिथे आवाज भरीव आणि सलग होईल तिथे थांबायचे. मग वेग उतरवून दुसऱ्या सुईने तोच खेळ. यात मोजण्याचे साधन कान. उन्हाळी हवा, थंड सकाळ, उंचावरचे तळे, यांप्रमाणे मालकाने स्वतः फेरफार करावा असे मालकाला मिळणारी पुस्तिकाच सांगत असे. पुढच्या दशकांत या गुंड्या गेल्या, त्यांच्या जागी ठरावीक मापाची भोके आली. मोटर अधिक शहाणी झाली आणि मालकाच्या कानाला काम उरले नाही.

कान या इतिहासात दुर्लक्षिलेला आहे, असे जाता जाता नोंदवतो. जुन्या यंत्रांची छायाचित्रे आणि आकृत्या उदंड, पण त्यांचा आवाज कसा होता याचे ज्ञान फक्त ती चालवणाऱ्यांपाशी असते आणि त्यांच्याबरोबर जाते. चालू मोटर हाच त्या ज्ञानाचा एकमेव दस्तऐवज आहे.

प्रॉपेलरपाशी एक साधी पितळी खुंटी असते, शीअर पिन. पंखा आणि दांडा यांना ती जोडते. पंखा खडकावर किंवा बुडालेल्या ओंडक्यावर आपटला की खुंटी तुटते आणि वरची दंतचक्रे वाचतात. तुटणे हेच तिचे काम असल्याने जाणता नावाडी सुटी खुंटी नेहमी जवळ बाळगतो. कित्येक जुन्या मोटरी उघडल्यावर खुंटीच्या जागी पोलादी खिळा आढळतो. कोणीतरी, कधीतरी, वारंवारच्या तुटण्याला कंटाळून तो ठोकलेला असतो, आणि बहुधा त्याच मोटरीच्या दंतचक्रांचे दात गेलेले असतात. पेटीतले तेल दुधाळ निघाले की सील फाटून पाणी आत गेले हे समजावे. थंड पाणी वर चढवणारा रबरी इंपेलर कडक झाला असेल तर नवा घालावा, नाहीतर सगळी मेहनत काही मिनिटांत जळून जाते. बंद मोटर कशामुळे बंद पडली, कोणी काय जुगाड केले, ती खाऱ्या पाण्यात होती की गोड्या, हे सगळे ती उघडताना क्रमाने कळत जाते. कंपनीच्या कोणत्याही कागदात हे नसते.

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. अडचण सुरू होते ती दुरुस्ती कशासाठी, या प्रश्नापाशी. १९४९ साली जॉन्सनने दहा अश्वशक्तीच्या मोटरीबरोबर पेट्रोलची वेगळी टाकी दिली. तोवर टाकी मोटरीच्या डोक्यावरच असे. वेगळ्या टाकीतून पेट्रोल वर चढावे म्हणून मोटरच टाकीत हवा भरी आणि त्या दाबाने पेट्रोल येई. म्हणून तिला दोन नळ्या, एक हवेची आणि एक पेट्रोलची. साधारण दहा वर्षांनी पंप आला आणि ही योजना मागे पडली. आज त्या टाक्यांची रबरी पटले फाटलेली असतात, आणि दाबाखालचे पेट्रोल होडीत गळणे ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. काहीजण जुनी टाकी जिकिरीने दुरुस्त करतात. काहीजण मोटरीला बाहेरून पंप जोडतात आणि एका नळीची आधुनिक टाकी लावतात. पहिले दुसऱ्यांना म्हणतात, तुम्ही मोटर बाटवली. दुसरे पहिल्यांना म्हणतात, तुम्ही तिचे प्रेत सजवले.

हा वाद आपल्या ओळखीचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अपपाठांनी ग्रासलेला ग्रंथ पुन्हा वाचला जावा म्हणून. राजवाडे विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या हस्तलिखिताच्या मागे लागले ते ज्ञानेश्वरकालीन भाषेचे रूप हवे म्हणून. दोघांच्या हाती ग्रंथ एकच होता. एकाला तो चालता हवा होता, दुसऱ्याला तो साक्षीदार म्हणून हवा होता, आणि वारकऱ्याच्या हातची पोथी व भाषाशास्त्रज्ञाच्या टेबलावरची पोथी एकच असावी असा आग्रह आपण आता धरत नाही. मोटरीच्या बाबतीत मात्र एक अधिकची अडचण आहे. पोथीची दुसरी प्रत करता येते. मोटर एकच असते, आणि पंपासाठी तिच्या बाजूला पाडलेले भोक बुजत नाही. आमचा कल, ज्या फेरफाराला मागे फिरता येते त्याच्याकडे आहे. कॉइल बदलावी, इंपेलर बदलावा, जुन्या नळ्या टाकून द्याव्यात. भोक पाडण्यापूर्वी मात्र थांबावे. रंगाच्या बाबतीत तर आम्ही सरळ जुनाट पक्षाचे आहोत : चकाकता नवा रंग दिला की पन्नास वर्षांचे हात कुठे कुठे लागले होते ते कायमचे पुसले जाते.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. या मोटरी टू-स्ट्रोक आहेत. त्यांना वंगण पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते, १९५० च्या दशकात बहुतेक २४ भाग पेट्रोलला एक भाग तेल या प्रमाणात. ब्रिटिश सीगल या इंग्रज मोटरीचा साधेपणा आणि चिवटपणा नावाजलेला, पण तिच्या जुन्या नमुन्यांना तर दहाला एक असे तेल लागे. घडण अशी की, ताजे मिश्रण आत येतानाच त्यातला काही भाग न जळता धुराबरोबर बाहेर पडतो. हा वाया जाणारा वाटा इंधनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत जाऊ शकतो, आणि तो थेट पाण्यात जातो. जुन्या मोटरीमागे तरंगणारा तो निळाजांभळा तवंग सुंदर दिसतो खरा. अमेरिकेने १९९६ मध्ये नियम केले आणि पुढच्या दशकात जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींचे उत्पादन तिथे मावळले. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरील टाहो तळ्यात तर १९९९ पासून त्यांना बंदीच आली. तेव्हा वर्षातून चार दिवस हौसेने चालवलेली मोटर आणि रोज चालवलेली मोटर यांत फरक करावा लागतो. जुनी वस्तू सांभाळणे हे आपोआपच निसर्गस्नेही असते, ही हल्लीची समजूत इथे लागू पडत नाही.

रोज चालवण्याची गोष्ट निघाली म्हणून आपल्या किनाऱ्याचाही उल्लेख करावा लागतो. महाराष्ट्रात मासेमारीचे यांत्रिकीकरण मुख्यतः होडीच्या पोटात बसणाऱ्या डिझेल इंजिनाच्या वाटेने गेले, आउटबोर्ड मोटर खाडीतल्या व किनाऱ्यालगतच्या लहान होड्यांपुरती राहिली. केरळात मात्र १९८० च्या दशकात पारंपरिक होड्यांवर आउटबोर्ड मोटरी झपाट्याने आल्या. पेट्रोलवर सुरू करायची आणि तापली की रॉकेलवर चालवायची, अशी तिथली रीत. तिथे कोणी 'जुनी मोटर' जपत नाही. बंद मोटर म्हणजे बुडालेला दिवस, आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री हा किनाऱ्याच्या अर्थव्यवस्थेतला पूर्णवेळचा माणूस. आम्ही ज्याला इतिहासवाचन म्हणतो आहोत, ते त्याच्या दृष्टीने पोटापाण्याचे काम आहे.

दुरुस्ती इतिहासाच्या तळटीपेत राहते असे नेहमीच घडते, असे मात्र नाही. कार्ल कीखेफर या विस्कॉन्सिनच्याच यंत्रज्ञाने १९३९ साली सीडरबर्ग गावातला एक डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला. त्याला आउटबोर्ड मोटरी करायच्याच नव्हत्या. लोहचुंबकीय यंत्रसामग्री काढण्याचा त्याचा बेत होता. कारखान्यात तीनशेहून अधिक मोटरी पडून होत्या. टपालाने माल विकणाऱ्या एका बड्या पेढीने त्या सदोष म्हणून नाकारल्या होत्या. हाताशी पैसा हवा म्हणून त्याने त्या उघडल्या, दोष शोधले, सुधारून पुन्हा त्याच पेढीपुढे ठेवल्या. पेढीने त्या घेतल्या आणि आणखी मागवल्या. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःच्या मोटरी आणल्या, त्यांचे नाव मर्क्युरी. एव्हिनरूडला पुढे सगळ्यात जास्त त्रास दिला तो याच नावाने. या कथेत आइस्क्रीम नाही, म्हणून ती लहान मुलांच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही.

एव्हिनरूड आणि जॉन्सन चालवणाऱ्या कंपनीने डिसेंबर २००० मध्ये दिवाळे काढले. दुसऱ्या कंपनीने ती नावे घेतली, २००३ मध्ये संगणकाने इंधन फवारणारी, कमी धुराची नवी टू-स्ट्रोक मोटर आणली आणि २०२० साली एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन कायमचे थांबवले. त्या शेवटच्या मोटरींतला दोष शोधायचा तर लॅपटॉप आणि कंपनीची आज्ञावली जोडावी लागते. आतला नियंत्रक जळाला तर तो उघडून दुरुस्त करण्याची सोय नाही, अख्खा बदलावा लागतो, आणि तो किती वर्षे मिळेल हे आता तो पुरवणाऱ्यांच्या मर्जीवर आहे. १९५५ सालच्या मोटरीची कॉइल मात्र वेगवेगळे उत्पादक आजही नव्याने करून विकतात. ती आणायची, टाच उंचवट्याशी समतल करायची, स्क्रू आवळायचे, चाक चढवायचे आणि दोरी ओढायची. टाकीत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल घालणार असाल, आणि आता आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचेच पेट्रोल सर्रास मिळते, तर कार्ब्युरेटरमधला बुचाच्या लाकडाचा जुना फ्लोट आधी बदलून घ्यावा. त्याच्यावरचा लाखेचा मुलामा इथेनॉलमध्ये विरघळतो.